लतीफाबाईंचं झाकलेलं टाकं

कारंजा

प्रिय वैजयंती,

संशोधन सोडून घरी येतेस, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. संस्कृतच्या मास्तराला एवढा छोटा शब्द पुरतो, हे पाहून तूही गांगरली असशील. तुझी खोली झाडून ठेवली आहे. ‘ग्राफीन’चा विग्रह मला अजून जमलेला नाही, तेव्हा तुझ्या निर्णयावर मत देणं मला शोभत नाही. नुसती गल्लीतली बातमी कळवतो.

दिवाळीत तू आपल्या गल्लीतल्या रंगारी लतीफाबाईंच्या रंगाच्या टाक्यात तुझी ती ग्राफीनची काळी पावडर घातलीस. साध्या उन्हात रंगाचे तुकडे होतील म्हणालीस आणि घरी जेवायला आलीस. संध्याकाळी पाहिलं तर पाणी जरासं फिकटलेलं, पण लालच. प्रयोगशाळेतलं खऱ्या रंगपाण्यात चालत नाही, असं म्हणून उरलेली बाटली त्यांच्याच ओट्यावर ठेवून आलीस. तेव्हापासून तू फोनवर शोकसभेतल्यासारखी बोलतेस.

परवा लतीफाबाई घरी आल्या. त्याआधी त्यांची ताडपत्री शेजारच्या जानरावांनी तूर झाकायला नेलेली, म्हणून टाकं उघडंच होतं. बाटली वाया का घालवायची, म्हणून ती त्यांनी त्यात ओतली आणि जाता-येता काठीनं ढवळत राहिल्या. दोन दिवस ऊन खाऊन पाणी इतकं नितळलं, की तळाशी बसलेली पावडर दिसू लागली. खुर्चीत न बसताच म्हणाल्या, “मास्तर, त्या दिवशी पोरगी जेवाले गेली अन् मीनं टाकं झाकलं. ते येतानी दिसली तवा ताडपत्री काढली. रंगाले ऊन लागू द्याचं नाही, हे अम्मीनं शिकवलं. पन पोरीले तं रंग घालवाचाच होता ना! हे मले काहून नाही सुचलं?” मी चहा ठेवला.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण गल्लीतला पवन तुझ्याकडे नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती दोन बाटल्या देतो आहे. एक पावडर ओतण्याआधी काढून ठेवलेली लाल, एक आताची नितळ. रंग गेला म्हणजे विष गेलंच असं नाही, हे तूच त्यांना बजावलं होतंस. तू तपासून सांगेपर्यंत त्या पाणी नाल्यात सोडायला तयार नाहीत. टाकं भरलेलं, त्यामुळे रंगकाम बंद. घरी ये, जरूर ये, खोली झाडलेलीच आहे. पण आधी लतीफाबाईंना उत्तर दे.

तुझाच,
मत न दिलेला बाबा