तेजरामशी केलेला पक्का कागद

१४ जुलै १९८१. सकाळी सात.
चोरी! आमच्या करडी गावात, आणि तीही माझ्या बांधीत, धानाच्या खाचरात. रोवणीसाठी वाढवलेले चिन्नोर धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, कोणीतरी अर्धे उपटून नेले. पोलीस पाटलाच्या जागेसाठी माझा अर्ज गेलाय, पुढच्या महिन्यात प्रांतसाहेबांपुढे इंटरव्ह्यू. अशा माणसाच्या शेतात हात घालायची हिंमत होतेच कशी? ठाण्यात जाऊन रिपोर्ट दिला. अज्ञात इसम.

१६ जुलै.
चोर सापडला. पोलिसांना नाही, मला. यंदा चिन्नोर गावात मी एकट्यानेच पेरलाय, आणि त्याच्या पानाचा वास मी डोळे मिटून ओळखतो. धुऱ्यापलीकडचा शेतशेजारी तेजराम. त्याचे पऱ्हे पाण्यात सडले होते. माझे नेऊन त्याने रोवूनही टाकले. रडला. पाया पडला. पण रोवलेलं परत कसं घ्यायचं?

१७ जुलै.
सुचलं! गावातली भानगड गावातच मिटवणार. पोलीस पाटील असाच हवा. बायकोला, रत्नाबाईला सांगितलं. ती म्हणाली, रिपोर्ट दिलाय ना, मग पोलिसांना सांगून मोकळे व्हा. बायकांना कायद्यातलं कळत नाही.

१८ जुलै.
स्टॅम्पपेपरवर ड्राफ्ट स्वतः केला. पॉइंट एक: तेजरामला चोरी कबूल. दोन: तो आणि त्याची बायको माझ्या चार बांध्या फुकट रोवून देतील. तीन: त्याबदल्यात केशवराव, म्हणजे मी, पोलिसांना नाव सांगणार नाहीत, पऱ्हे गुरांनी खाल्ले असं सांगतील. चार: तेजराम कामाला चुकल्यास हा कागद ठाण्यात जाईल. साक्षीदार गावातलाच सोमाजी. दोघांच्या सह्या. व्यवहार चोख असावा म्हणून डुप्लिकेट करून एक प्रत तेजरामला दिली. भाषा वकिलाला लाजवेल अशी झालीय.
रत्नाबाईने वाचून घेतला. म्हणाली, "सही कायले केली तुमी? चोर एक होता, आता दोघं झाले."
दुर्लक्ष केलं.

२० जुलै.
तेजराम नवराबायको कामावर. दीड बांधी झाली. मी धुऱ्यावर छत्री घेऊन उभा. न्याय झाल्याचं समाधान वेगळंच असतं.

२२ जुलै. दुपार.
हवालदार चौकशीला आला. गुरांनी खाल्ले म्हणून सांगितलं. कुणाच्या गुरांनी, असं त्याने विचारलं. हा पॉइंट ड्राफ्टमध्ये राहून गेला होता. माझ्याच, म्हणालो. त्याने लिहून घेतलं, माझी सही घेतली. कपातला चहा थोडा कागदावर सांडला. चहा गरम होता.

२३ जुलै.
तेजराम आला नाही. निरोप पाठवला. कंबर दुखते म्हणे.

२५ जुलै.
आजही नाही. स्वतः गेलो. पॉइंट चार वाचून दाखवला. तो खाटेवर बसूनच म्हणाला, "न्या ना भाऊ ठाण्यात. सही दोघाईची हाये."
मी घरी आलो. त्याची कंबर खरंच दुखत असावी.

२८ जुलै.
तुमसरला वकिलाकडे. एका ओळखीच्या माणसाची केस म्हणून कागद दाखवला. नावं बोटाने झाकली. वकिलाने तो दोनदा वाचला. मग सांगत सुटला. कोर्टाच्या परवानगीशिवाय चोरी मिटवता येत नाही. गुन्हेगाराला वाचवायला मोबदला घेणं हाच गुन्हा, कलम दोनशे तेरा. पोलिसांना खोटं सांगणं वेगळा. ठाण्याची धमकी देऊन काम करून घेणं त्याहून वेगळा. चोराला कदाचित कमी शिक्षा होईल, म्हणाला. ड्राफ्ट कोणत्या गाढवाने केला, असंही विचारलं. बोट ओळखीच्या माणसाच्या नावावर तसंच होतं.  बसने परत येताना ठरवलं: तेजरामकडून कागद गोडीने परत घ्यायचा.

३० जुलै.
गोडीने मागितला. सापडत नाही म्हणे. सापडायला वेळ लागेल. तोवर त्याच्या चिखलणीला माझे बैल हवेत. दिले. शेजारधर्म.

३ ऑगस्ट.
त्याच्या आणखी दोन बांध्या रोवायच्या राहिल्या आहेत. मजूर मिळत नाहीत. मी रोवतोय. व्यायाम म्हणून उत्तम. माझ्या अडीच बांध्या पडून आहेत. रत्नाबाई डबा घेऊन येते, काही बोलत नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. झोप लागत नाही. जेलमध्ये जायची भीती वाटते. हे इथे लिहितो, कुठे बोलणार नाही.

१९ ऑगस्ट.
इंटरव्ह्यू. प्रांतसाहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला: गावात चोरी झाली आणि दोघांनी परस्पर मिटवली, तर काय कराल?  यांना कळलं? बाहेर हवालदार उभा दिसला. मी वकिलाचं सगळं भाषण पाठ म्हणून टाकलं, कलमासकट. साहेब खूश. म्हणाले, इतका अभ्यास कोणाचाच नव्हता.

१२ सप्टेंबर.
नेमणुकीचा हुकूम आला! संकट टळलं. आता तेजरामची काय मजाल. उद्याच बोलावून कागद घेतो.

१३ सप्टेंबर. संध्याकाळ.
बोलवायची गरज पडली नाही. तेजराम स्वतःच हार घेऊन आला. चारचौघांत गळ्यात घातला. आता कागद नीट सांभाळावा लागेल म्हणाला, पाटलाची सही आहे त्यावर. हुकूम पोरंसोरं हातात घेऊन बघत होती. जाताना तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "पाटील, पुढच्या साली चिन्नोरचे पऱ्हे जरा जास्त टाकजा."
मी हो म्हणालो.