सालीचा काढा आणि आईच्या गोळ्या

१२ जाने., भंडारा
अर्जुनाच्या सालीचा अर्क पुन्हा तपासला. जांभळं द्रावण अर्ध्या तासात पार पिवळं, म्हणजे अँटिऑक्सिडंट जोरदार. त्याला कारण असलेली फिनॉल द्रव्यंही भरपूर. तिन्ही वेळा तेच. पीएच.डी.त पहिल्यांदा काही जुळलं! आई गावाहून, आंबागडहून सालीची थैली घेऊन आली होती (तिकडे हिचा काढा हृदयासाठी पितात), तिला प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं. "बापा! एवढा दम हाय हिच्यात?" फार बरं वाटलं.

२ फेब्रु., आंबागड
आईचे पाय सुजलेत. विहिरीवरून येताना दोनदा खाली बसली. हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट फळीवर तसंच. काहून बंद केल्या, विचारलं.
"तूच तं दाखवलं ना मले. आता गोळी कायले? मी काढा पिऊन राहिली."
तीन आठवडे. आणि मला फोनवर रोज, बरी हाय, बरी हाय.
सांगितलं, ते काचेच्या नळीतलं आहे, तुझ्या छातीतलं नाही. नुसत्या चहानेही तो रंग उतरतो.
"मंग तू पाच वर्सं काय करून राहिली?"


३ फेब्रु.
शेजारच्या शेवंताकाकूंनीही शुगरची गोळी सोडलीय. आईचं ऐकून. त्यांच्या घरी गेले, हात जोडले. हसल्या. "बाई, आपल्याच जंगलातली वस्तू, अन् तूच नको म्हनतं?"

४ फेब्रु., तुमसर
सकाळी आईला श्वास घेता येईना. दवाखान्यात भरती. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"
मी म्हटलं, मी. आई मान हलवत होती, नाही नाही. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं.

८ फेब्रु.
सूज उतरतेय. मार्गदर्शक सरांचा फोन. शोधनिबंधाच्या शेवटी 'हृदयविकारात उपयुक्त' एवढं टाक, छापून येईल. म्हटलं सर, आपण तर फक्त नळीत... "सगळे लिहितात गं." वाक्य लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. अजून पाठवलं नाही.

१३ फेब्रु., आंबागड
आई घरी. चार दिवस समोर बसून गोळी देतेय, मुकाट्याने गिळते. उद्या सकाळच्या बसने मला जायचंय, रजा संपली. दुपारी कपडे वाळत घालत होते. ओसरीवर आई शेवंताकाकूंना सांगत होती, "पोरगी हाय तवरिक घेतो गोळी. तिचं मन राखा लागते."
ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी. आत जाऊन भांडू? पाया पडू? उद्याची बस सोडू?