पेटी मोकळी करून दे

खुलताबाद, मळ्यातून
१२ नोव्हेंबर २०२४

चि. श्रेया हिस आज्जीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मी सांगतेय आणि तुझी रूपावहिनी लिहितेय. अक्षर चांगलं दिसलं तर तिचं, अक्कल दिसली तर माझी. फोनवर तू नुसती माशीवाणी गुणगुणतेस, मला कायबी ऐकू येत नाय. कागद आला की रूपा माझ्या कानाला तोंड लावून वाचते आणि ते निम्म्या शिवाराला ऐकू जातं. तवा गुपित काय असलं तर लिहू नको.

तुझी आई सांगत होती की तू गुलमंडीच्या जुन्या बाजारातून अजून एक पेटी उचलून आणलीस. पलंगाखाली पेट्या, पलंगावर पेट्या. बये, तू निजतेस कुठं? लग्नाचं विचारलं की म्हणतेस, आधी या कुलपाची किल्ली सापडू दे. लोकांच्या मेलेल्या सासवांची कुलपं उघडत बसलीस तर तुझी सासू यायची कधी?

बरं, तुझ्या नादाचा मलाबी कायतरी फायदा होऊ दे. राजकुमार टेम्पोवाल्याकडून माझी सागवानी पेटी पाठवते. माझ्या लग्नातली, घंटीच्या कुलपाची. किल्ली फिरवली की आतून टण्ण वाजायचं. माझ्या सासूनं मुद्दाम तसली घेतली होती, सुनेनं पेटी उघडली की तिला माजघरात कळावं म्हणून. सासू गेली, मग तुझा बाप माझ्या पेटीतला गूळ चोरायला लागला. घंटी ऐकू येऊ नये म्हणून किल्ली फिरवताना मोठ्यानं खोकायचा. घंटीपेक्षा तो खोकलाच लांब ऐकू जायचा, पण गोकुळला ते कुणी सांगितलं नाय. मी तर मुळीच नाय.

दोन-तीन सालं झाली, कुलूप धरलंय. किल्ली हलत नाय. कामून ते तूच बघ. तेवढी माझी पेटी मोकळी करून दे. आत तुझ्यासाठी एक चीज जपलीय. तिची गोष्ट संक्रांतीला तू आलीस की सांगीन, ती रूपाच्या आवाजात ऐकायची नाय.

लोभ आहे. तो कुलपात ठेवू नको.

तुझी आज्जी
भागूबाई (अंगठा)


गुलमंडीमागे, छत्रपती संभाजीनगर
१ डिसेंबर २०२४

ती. आज्जीस श्रेयाचा साष्टांग नमस्कार.

तुझी पेटी सुखरूप पोचली आणि गेल्या आठवड्यात मोकळीसुद्धा झाली. आधी एक सांग, कुलपात करडईचं तेल कुणी ओतलं? तूच. खोटं बोलू नकोस, वासावरून कळलं. खायचं तेल कुलपात मुरलं की त्याचा डिंक होतो. कुलपाला तेल देत नाहीत आज्जी, पेन्सिलीच्या शिशाची पूड देतात. आता हे रूपावहिनी शिवारभर वाचून दाखवणार, म्हणजे तुझी चांगलीच शोभा होईल.

किल्ली जोरात फिरवली असती तर तिचा दात मोडला असता. म्हणून मागच्या बिजागऱ्यांचे खिळे ठोकून काढले, झाकण पाठीमागून उचललं आणि कुलूप आतून सोडवलं. आज्जी, काय कुलूप आहे! किल्लीला दोन फेरे आहेत. पहिल्या फेऱ्याला पितळेची एक जीभ उचलली जाते, दुसऱ्याला ती सुटते आणि घंटीवर आपटते. म्हणजे चोराला अर्ध्यावर थांबता येत नाही, उघडायची तर वाजवूनच. माझ्याकडच्या एकाही पेटीला असं नाही. सगळं धुऊन पुसून बसवलं. आता इतकी स्वच्छ वाजते की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं.

तू म्हणालीस तशी पेटी पूर्ण मोकळी केली. तुझी भेटही सापडली! बाबांचे लहानपणचे चांदीचे वाळे. काळे पडले होते, चिंचेनं घासून लखलखीत केले. ज्या जुन्या सदऱ्यात ते गुंडाळले होते तो आजोबांचा असावा. टाकून देणार होते, पण तुझं काही फेकायचं धाडस होईना. म्हणून रिठ्यात भिजवून धुतला. खांद्यावर एक पिवळा डाग होता, तो काही केल्या जाईना. लिंबू-मीठ लावून दोनदा उन्हात ठेवला तेव्हा गेला. इस्त्री करून घडी घातलीय, ओळखणार नाहीस. पेटीतही कोंदट वास होता. चार दिवस गच्चीवर उघडी ठेवली, मग मेण चोळलं. आता अगदी नव्या लाकडाचा वास येतो.

संक्रांतीला घेऊन येते. गोष्ट तयार ठेव. तुझ्या लोभाचं कुलूप मात्र असंच उघडं असू दे.

तुझी
श्रेया


खुलताबाद
९ डिसेंबर २०२४

प्रिय श्रेयाताईंस रूपाचा नमस्कार.

हे पत्र आज्जींनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहितेय. लिहू की नको यात दिवस गेले.

तुमचं पत्र मी नेहमीसारखं कानाशी वाचलं. तेलाचं वाचलं तेव्हा आज्जी हसल्या. सदऱ्याचं वाचलं तेव्हा त्यांनी परत वाचायला सांगितलं. मला वाटलं नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी ओरडून वाचलं. मग त्यांनी कागद हातात मागितला. वाचता तर येत नाही. त्यांनी तो नाकाला लावला.

तेव्हापासून त्या जेवतात, उठतात, बसतात, पण मला एक टोमणा नाही. भाकरी मुद्दाम करपवून बघितली, तरी नाही. काल मी पायाशी बसून राहिले तेव्हा बोलल्या.

तो सदरा आजोबांचा नव्हता. गोकुळमामंजींचा होता, तुमच्या वडिलांचा. विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला गेले त्या दिवशी तो काढून खुंटीला अडकवला होता. मोटारीत करंट उतरला आणि ते परत आलेच नाहीत. तेराव्याला त्यांचे सगळे कपडे वाटून टाकले, रीतच आहे. पण खुंटीवरचा तो एक आज्जींनी पदराखाली लपवला. लीलाकाकूंना, तुमच्या आईंनासुद्धा माहीत नाही. धुतला नव्हता. त्याला त्यांचा वास होता. त्यांचं त्यांच्यापाशी असावं म्हणून वाळे त्यात गुंडाळले. वर्षाला एकदा पेटी उघडायच्या, तोंड खुपसायच्या, लगेच बंद करायच्या, वास उडू नये म्हणून. कुलूप धरल्यापासून किल्लीच्या भोकाला नाक लावून बसलेलं मीच त्यांना पाहिलंय. मला वाटायचं, म्हातारपण.

चीज म्हणजे वाळे नव्हते, ताई. चीज म्हणजे सदरा. बापाचा वास पोरीला माहीतच नाही, मी मरायच्या आत तिला एकदा देते, असं त्या म्हणाल्या.

आणि मोकळी करून दे म्हणजे, धरलेलं कुलूप तेवढं सोडवून दे. त्या बोलल्या तसं मी लिहिलं. तुम्ही वाचलं तसं केलं. चूक कुणाची काढायची?

तुम्हाला हे कळू नये असं त्यांना वाटतं. मला मात्र ते पोटात ठेवता येईना. राग धरू नये.

तुमची
रूपावहिनी


छत्रपती संभाजीनगर
१५ डिसेंबर २०२४

ती. आज्जीस साष्टांग नमस्कार.

रूपावहिनींवर रागावू नकोस. त्यांनी मला सांगितलं.

लोकांच्या पेट्या उघडताना मी आधी वास घेते. वासावरून लाकूड कळतं, आत कापूर होता की मसाला होता ते कळतं. तुझी पेटी उघडल्यावरही घेतला होता. आज्जी, मी तो घेतला होता. घामट, कोंदट, एवढंच मनात आलं आणि मी नाक मुरडून पेटी गच्चीवर नेली. आता आठवायला जाते तर करडईचं तेल तेवढं आठवतं.

आईला सांगितलं. तिनं सदरा हातात घेतला, घडी मोडली आणि तोंडाशी धरला. बराच वेळ. मग रिठा, एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. परत आली तेव्हा तिनं विचारलं, खांद्यावर डाग होता का. मी होता म्हणाले. तिनं पुढं काही सांगितलं नाही. तुला माहीत असेल तर सांग.

आणि वास कसा होता, तेही सांग. नुसतं सांगून काही होत नाही, मला कळतं. तरी सांग.

पेट्यांना हात लावावासा वाटत नाही. माझ्यावर लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.

श्रेया


खुलताबाद, मळ्यातून
२३ डिसेंबर २०२४

चि. श्रेया हिस आज्जीचे अनेक आशीर्वाद.

रूपाला मी दोन दिवस बोलले नाय. मग बोलायला दुसरं माणूस सापडेना, म्हणून माफ केलं.

तोंड नाय म्हणतेस? तोंड तुझ्या बापाचं आहे, तसंच लांबोडकं. ते कुठं गेलं नाय.

डाग तुझाच होता. तुला दात येत होते. त्या सकाळी तू दूध प्यालीस आणि त्यानं तुला खांद्यावर घेतलं, तर तू तिथंच ओकलीस. तुझी आई म्हणाली, सदरा बदला. तो म्हणाला, मोटारीचं काम आहे, आल्यावर दुसरा घालतो. म्हणून तर तो काढून खुंटीला लावला आणि उघडाच गेला. कळलं का? आईनं तुला सांगितलं नाय, कारण बदला म्हणलेलं तिचं ते शेवटचं बोलणं. तिला छेडू नको.

आता वास. रूपा म्हणते, वास कसा लिहायचा? मी म्हणलं, तू लिही, बाकी तिच्या नाकाचं ती बघेल. तर ऐक. आधी विडी. लपून ओढायचा, मला माहीत नाय असं त्याला वाटायचं. तिच्या मागून कडब्याचा, उन्हात तापलेल्या कडब्याचा. मग घाम, पण तो आंबट नाय, मिठाचा. आणि खांद्यापाशी तुझं फाटलेलं दूध. बाप-लेकीचा मिळून एक वास झाला होता. खरं सांगू, मागच्या सालांत तो लई विरला होता. मी निम्मा नाकानं घ्यायची, निम्मा मनानं. आता सगळा मनानं घेते. कधी येतो, कधी येत नाय. काल आला नाय.

त्याचे सगळे कपडे मी वाटले, एक तेवढा धुवायचा राहिला होता. तो त्याच्या लेकीनं धुतला. डागासाठी दोनदा उन्हात ठेवला, असं कोण करतं? असं मी मनाला सांगते. मन कधी ऐकतं, कधी माझ्यासारखं बहिरं होतं.

पेट्या सोडू नको. पण कुणाचीबी पेटी उघडलीस तर कापडाला पाणी लावायच्या आधी विचार. विचारायला माणूस उरलं नसलं तर तशीच घडी घालून ठेव.

संक्रांतीला माझी पेटी घेऊन ये. घंटी मला ऐकू यायची नाय. मी झाकणावर तळवा ठेवून बसते, तू किल्ली फिरव. दुसऱ्या फेऱ्याला हाताला कळेल. आणि फिरवताना मोठ्यानं खोक.

सदरा तुझ्या आईकडं राहू दे. वाळे तुझ्या लेकराला. पेटी मोकळी राहील, ती तशी ठेवायची नाय. मी गेले की अंगावरून उतरवलेलं माझं लुगडं त्यात टाक आणि दोन्ही फेरे देऊन बंद कर. मिश्रीचा वास येईल, चालवून घे. मोकळी करू नको. इथं मी रूपाला हात धरून लिहायला लावलंय आणि परत वाचायला लावलंय, शिवाराला ऐकू गेलं तरी जाऊ दे.

लोभ आहे. तो धुऊ नको.

तुझी आज्जी
भागूबाई (अंगठा)