मामीच्या बोलण्याची जागा

नवेगाव बांध,
५ जानेवारी २०२५

चि. खुशबू हिस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे थंडी चांगली पडली आहे, तलावावर पाहुणी पाखरं उतरली आहेत आणि माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. बांधाच्या पायऱ्यांवरून घसरलो तेव्हा तुझी मामी म्हणाली होती की म्हातारपणी उड्या मारायची हौस काऊन. आता ती नागपूरला तुमच्या दवाखान्यात आणि मी इथे खाटेवर. नीलेश रोज फोन करतो, पण बापाने पोराजवळ रडकं बोलू नये, म्हणून तुला लिहितो.

नीलेश सांगतो की मामीच्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे, झटके त्या गाठीमुळेच येत होते. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटून आहे. आणि तुमचे मोठे डॉक्टर म्हणतात की कवटी उघडायची, मामीला जागं ठेवायचं आणि तिच्याशी बोलत बोलत गाठ काढायची. मी नीलेशवर ओरडलोच. माझ्या हर्नियाला मला पार झोपवलं होतं, आणि इथे मेंदू उघडणार तो जागेपणी?

तू तिला ओळखतेस. शाळेसाठी आमच्याकडे राहिलीस ती सगळी वर्षं तिच्याच आवाजाने उठलीस. बाजारात तिची मासोळीची टोपली मागून पोचते, आवाज आधी पोचतो. घरात मी दिवसाला चार शब्द बोलतो, बाकीचं सगळं तीच बोलते. गाठ निघाली आणि बोलणं गेलं, तर ती जगेल गं, पण ती ती राहणार नाही. मला हीच एक भीती आहे. खरं काय ते लिही.

मोठी डॉक्टर झालीस तरी मामावरची माया पातळ करू नकोस.
तुझा,
मामा

---

नागपूर,
९ जानेवारी २०२५

ती. मामांस,
खुशबूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही ओरडलात यात नवल नाही. मी शिकायला आले तेव्हा मलाही हे जादूटोण्यासारखंच वाटलं होतं.

मामा, मेंदूला स्वतःला दुखत नाही. साऱ्या अंगाचं दुखणं त्याला कळतं, पण त्याला हात लावला तर त्याला पत्ता नसतो. कातडी बधिर करतात, कवटी उघडेपर्यंत झोपवतात आणि मग जागं करतात. मग मेंदूवर एकेका ठिकाणी अगदी सौम्य वीज टेकवायची. जिथे टेकवल्यावर बोलणं अडतं तिथे नंबराची बारीक चिठ्ठी ठेवायची आणि ती जागा सोडून द्यायची. वीज काढली की बोलणं परत येतं. झोपलेल्या माणसाची बोलण्याची जागा सापडणार कशी, सांगा बरं.

तुम्ही नेहमी विचारता की पोरगी तिथे इतकी वर्षं काय शिकून राहिली. पहिल्या वर्षी मी अंडी घासत होते. ड्रिलने टरफल असं उतरवायचं की आतला पापुद्रा फाटू नये. फाटला की त्या दिवशी सगळ्यांना आमलेट. आणि आता काय सांगू! मामीच्या स्कॅनवरून मशीनने मामीची कवटीच छापून दिली आहे, आतल्या गाठीसकट, रक्तवाहिन्यांसकट. मी मामीचं डोकं हातात घेऊन बसले होते आणि मामी वरच्या मजल्यावर भाजीत तिखट नाही म्हणून नर्सशी भांडत होती. सरांनी, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, त्या कवटीवर माझ्याकडून सगळं करवून घेतलं. चुकले, की नवी छापली, पुन्हा केलं.

खऱ्या ऑपरेशनला मात्र मी हत्यार धरणार नाही. आपल्या माणसावर आपण हात चालवायचा नाही, हा सरांचा नियम आहे. मी मामीच्या तोंडासमोर बसून तिला चित्रं दाखवणार. त्यासाठी एक काम करा. इथल्या चित्रांत बर्फाचं घर आहे, ते मामीने कोंबड्यांचं खुराडं ठरवलं. तिच्या रोजच्या वस्तूंचे फोटो पाठवा.

माझी काळजी करू नका म्हणणार नाही, कराच, ती मला पुरते.
तुमची,
खुशबू

---

नवेगाव बांध,
१३ जानेवारी २०२५

चि. खुशबूस,
आशीर्वाद.

भूपेंद्रच्या दुकानातून फोटो छापून घेतले आणि नागपूरला निघालेल्या सेवकरामच्या हाती दिले आहेत. जाळं, डोंगा, सूप, तराजू, मरळ, झिंगे, मोहाचं झाड, आपली लाल शेळी. शेळीने फोटोला फार त्रास दिला.

तुझं पत्र मी उदारामला वाचून दाखवलं. आमचा शेजारी तो, पण कोणाचं खरं मानायचं नाही हा त्याचा धर्म. कवटी छापली म्हटल्यावर तो उठून घरी गेला आणि बायकोला घेऊन आला, पुन्हा वाच म्हणाला.

फोटोंच्या तळाशी माझाही एक घातला आहे. मला येता येत नाही, निदान तिला तोंड तरी दिसू दे. हसू नकोस.

तिचा हात सोडू नको, एवढंच मागणं.
तुझा,
मामा

---

नागपूर,
१९ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन पार पडलं हे नीलेशने फोनवर सांगितलंच आहे. पण काय घडलं ते त्याला सांगता यायचं नाही, ते माझ्याकडून ऐका.

मामी जागी झाली आणि पहिलं काय म्हणाली, तर इथे फार थंडी आहे जी, एसी बंद करा. माझ्यासमोर तिचा चेहरा, आणि पडद्यापलीकडे तिचा मेंदू उघडा. तो समोरच्या स्क्रीनवर मला दिसत होता. ठोक्याबरोबर हलत होता. तिच्या साऱ्या शिव्या, सारी गाणी, मला शाळेत जाताना घातलेल्या हाका त्यात होत्या, आणि मी ते बघत होते. मामा, मला हात जोडावेसे वाटले, पण एका हातात फोटो होते आणि दुसरा मामीने धरला होता.

फोटो दाखवले तशी ती सांगत गेली. मरळ म्हटली की सोबत भावही. शेळी पाहून म्हणाली की हिले चारा कोन टाकून राहिला. दोन ठिकाणी वीज टेकवली आणि बोलणं मध्येच तुटलं, वीज काढली की पुन्हा सुरू. सरांनी चिठ्ठ्या ठेवल्या. मग मी पुढचा फोटो धरला आणि म्हटलं, नाव सांग. मामी गप्प. सरांनी थांबून त्याच जागी पुन्हा वीज टेकवली, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदाही तेच. तिथेही चिठ्ठी बसली. त्या जागेखाली गाठीचा मोठा तुकडा होता, तो आता आत ठेवावा लागणार असं सर म्हणाले. उरलेली गाठ पुन्हा वाढते.

तेव्हा मी मामीकडे नीट पाहिलं. तिची नजर खाली, ओठ दातांत धरलेला, आणि मोकळ्या हाताने ती अंगावरची हिरवी चादर कपाळाकडे ओढत होती, पदर ओढतात तशी. माझ्या हातात तुमचा फोटो होता!

डोकं उघडं, मेंदूवर वीज, आणि मामी लाजत होती. आणि नवऱ्याचं नाव सांग म्हणून तिच्यामागे लागले होते मी, तिच्याच घरात वाढलेली! बाकीचे फोटो तिच्याकडून आदल्या दिवशी वदवून घेतले होते. तुमचा मी मागाहून मायेने घुसडला, तो तपासला नाही. मी ओरडून सरांना थांबवलं आणि वीज बंद ठेवायला सांगितली. तुमचा फोटो पुन्हा धरला, तरी गप्प. मग वीज लावून झिंगे दाखवले, तर लगेच झिंगे. जाळं, तर जाळं. मग नाव सोडून नुसतं विचारलं, हा कोण, तर म्हणाली की तुहा मामाच त आहे, दिसत नाही काय. सरांनी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं आणि ती चिठ्ठी उचलली.

मग दिवे मालवून निळा उजेड टाकला. पहाटे मामीला एक औषध पाजलं होतं, त्याने त्या उजेडात फक्त गाठ गुलाबी दिसते. सर जपून ते गुलाबी काढत गेले, आणि मामी मला शिंगाडे उकडायचं सांगत राहिली. शेवटी गुलाबी काही उरलं नाही. माणसाच्या हाताला हे जमतं, हे मी इतक्या जवळून पाहिलं, तरी मला अजून खरं वाटत नाही.

२१ जानेवारी

पत्र टाकायच्या आधी हे लिहावं लागतंय. कालपासून मामीचे शब्द अडले आहेत. सगळं समजतं तिला, तोंड उघडते, पण शब्द येत नाही. मग रडते. सर म्हणतात की सूज आली आहे, ती उतरली की बोलणं परतायला हवं. बहुतेक वेळा परततं. मामा, तुम्ही खरं लिही म्हणालात, म्हणून 'बहुतेक' हा शब्द मी खोडलेला नाही. मीही भ्याले आहे.

तुमचा आशीर्वाद आज दुप्पट लागेल.
तुमची,
खुशबू

---

नवेगाव बांध,
९ मार्च २०२५

चि. खुशबू हिस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं ते पत्र आलं तेव्हा मी खाटेवरून उतरून प्लास्टरसकट बसस्टँडवर निघालो होतो. उदारामने धरून आणला. पुढे नीलेशचा फोन आला की तिने पानी म्हटलं. एकच शब्द, पण मी दिवसभर तोच घोकत बसलो. नंतर चहा, नंतर नीलेश, आणि मग एका दिवशी नर्सला पुरी शिवी. शिवी ऐकली तेव्हा मी समजलो की आता काही भीती नाही.

घरी आल्यापासून गाव येऊन बघून राहिला. डोक्यावरची खूण दाखवते आणि उघड्या डोक्याने डॉक्टरांना कसं झापलं ते सांगते. दर वेळी गोष्ट लांबते. कचारगडच्या जत्रेहून आलेले उदारामचे पाहुणेही ऐकून गेले. मी मागे बसून ऐकतो. कवटी छापणारी मशीन, गाठीला गुलाबी करणारा उजेड, आणि आपल्या घरची पोरगी त्या सगळ्यात बसलेली. माझ्या मनात मावत नाही, पोरी.

तुमच्या दवाखान्यातल्या, बोलणं सुधारणाऱ्या बाईंनी अभ्यास दिला आहे, घरच्यांची नावं रोज मोठ्याने घ्यायची. सकाळी ओसरीवर सुरू होते. नीलेश, सून चंचल, नात खुशी, शेळीसुद्धा. माझ्यापाशी आली की थांबते आणि 'हे' म्हणून पुढे जाते. मी म्हटलं, अभ्यास पुरा करायला पाहिजे, डॉक्टर रागावतील. ती म्हणाली की डॉक्टरले काय करायचं आहे माझ्या घरचं.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. ती माझ्याकडे पाठ करून तांदूळ पाखडत होती. पाखडता पाखडता सूप थांबलं आणि तिने नाव घेतलं. पूर्ण, कुठेही न अडकता. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, काय म्हणलीस? दुसऱ्यांदा तिने ते बाजारातल्या आवाजात सांगितलं, उदाराम कुंपणाशी येऊन उभा राहिला.

तुझ्या सरांना या म्हाताऱ्याचा नमस्कार सांग, आणि सुट्टी मिळाली की ये.
तुझा मामा,
केवलराम