सोनिवलीतला ठिपका

बाबा,

फोन घरीच टाकून कामावर गेलात, म्हणून ही चिठ्ठी फोनखाली ठेवतेय. आधी जेवून घ्या, वांग्याची भाजी झाकून ठेवलीय.

काल चुकलंच माझं. आपल्या पाण्याच्या फिल्टर सर्व्हिसिंगच्या धंद्यासाठी अ‍ॅप निवडताना मला वाटलं, माणूस कुठे पोचला ते नकाशावर दिसलं की कस्टमरला सांगायला बरं. तर दर गुरुवारी दुपारभर तुमचाच ठिपका सोनिवलीत! आणि मी शहाणी, जेवताना आईसमोरच विचारून बसले. तुम्ही ताटावरून उठलात तेव्हा माझी ट्यूब पेटली, की कौसाआत्या तिकडेच राहते. जमिनीच्या सहीवरून आईने तिचं नाव घरात बंद केलं, तरी तुम्ही बहिणीकडे जात होतात.

ते अ‍ॅप काढून टाकलं. आता साधं घेतलंय. नाव, पत्ता, मागची सर्व्हिस कधी झाली, पुढची कधी, बास. तुम्ही कुठे आहात ते कुणालाच दिसणार नाही, तेव्हा उद्यापासून फोन न्या.

त्यात आत्याचं नाव टाकलंय. पत्ता त्या नकाशावरून घेता आला असता, पण नाही घेतला. मला एकदा तिच्याकडे घेऊन चला, मग भरेन.

उन्नती