सहीच्या वरची कोरी जागा

११ फेब्रुवारी २०२६

ती. बजरंगकाका यांस,
प्रतीक्षाचा नमस्कार.

गेल्या गुरुवारी पंचायतीत रतनमावशींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "पोरी, सव्वीस जानेवारीला मी कुसगावला बंगल्यावर चादरी धूत हुते. मग हितं ग्रामसभेत माजी सही कराया कोण आलतं?" तेव्हापासून तो प्रश्न घेऊन फिरते आहे.

घरी सगळे बरे आहेत असं लिहिणार होते. पण आई कालपासून माझ्याशी बोलत नाही, आणि आप्पा "काकाला फोन कर, माफी माग" एवढंच म्हणतात. फोन केला की तुम्ही "बोल बाळा" म्हणता आणि पुढचा अर्धा तास स्वतःच बोलता. म्हणून लिहिते आहे. माफीसाठी नाही.

तुम्ही माझ्यासाठी केलेलं मी विसरलेले नाही. बी.कॉम.च्या प्रवेशाला तळेगावला माझ्याबरोबर आलात, दोन तास रांगेत उभे राहिलात. पास झाले तेव्हा फाट्यावर फ्लेक्स लावलात, 'आपल्या घराण्यातील पहिली पदवीधर'. माझा फोटो पासपोर्टएवढा आणि तुमचा पुरुषभर. मी हसले होते, पण सुखावलेही होते. सरपंच झाल्यावर पंचायतीत संगणकावर मला बसवलंत तेही तुम्हीच.

पण गुरुवारी तुम्ही जे केलंत ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

रतनमावशी भांडायला आल्या नव्हत्या. वरच्या वाडीला मिळणारं आरोग्य उपकेंद्र खाली फाट्यावर का गेलं, एवढंच विचारत होत्या. त्यांची सून कोमल मागच्या खेपेला जीपमध्ये, घाटाच्या वळणावर बाळंत झाली. तिला आता पुन्हा सातवा लागलाय. तुम्ही खुर्चीतून उठलाही नाहीत. सभेचं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलंत.

"ही बघ तुझी सही. ठराव सर्वानुमते झालाय. तवा हात वर केला, आता कशाला बोंबलती?"

मावशी वाकून बघत राहिल्या. "सही तर माजीच हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला. आणि तुम्ही म्हणालात, "तिला काय इचारती? ती आमची हाय."

ग्रामसेवक भाऊसाहेब हसले. शिपाई हसला. मीही मान खाली घालून हसल्यासारखं केलं, काका. त्या माझ्या हसण्याचा राग मला तुमच्यावरच्या रागाहून जास्त येतो.

वाडीला नर्स टिकत नाही, फाट्यावर सगळ्यांचीच सोय होईल, असं तुमचं म्हणणं. असेलही. मग ते वाडीच्या बायकांसमोर का नाही मांडलंत? सोमवारी सव्वीस जानेवारी, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि वाडीतली प्रत्येक बाई हॉटेलात नाहीतर बंगल्यावर कामाला असते. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच विषय त्या दिवशी घेतलात. फाट्यावर तुमच्या मेव्हण्याचं हॉटेल नसतं, तर नर्सची एवढी काळजी वाटली असती का?

इथपर्यंत लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. कारण वाडीतल्या सह्या आणल्या कुणी, ते मी अजून लिहिलेलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे. तरी मला ते माझ्या हातानं लिहायचंय.

चोवीस तारखेला भाऊसाहेब म्हणाले, "परवा कोरम भरायचा नाही. तू वाडीत जा. तुझ्याकडूनच सही शिकल्यात त्या, तुला नाही म्हणणार नाहीत." खरंच होतं ते. दोन वर्षं दर रविवारी मी तिथे साक्षरतेचा वर्ग घेतला, तेवीस बायका अंगठ्यावरून सहीवर आणल्या. आपल्या गावात रजिस्टर घरोघरी फिरतं, हे लहानपणापासून बघत आलेय. म्हणून मनाला लावून घेतलं नाही. पानाचा वरचा भाग कोरा होता. वर्गातल्या मुक्ताबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, मगच पेन धरलं. रतनमावशींनी विचारलं, "कशाची गं?" मी म्हणाले, "हजेरी आहे, मावशी."

सत्तावीसला त्या कोऱ्या जागेत ठराव लिहिला तोही मीच. अक्षर चांगलं ना माझं! 'उपस्थित महिलांनी एकमुखाने पाठिंबा दिला.' लिहिताना सगळं कळत होतं. हात थांबला नाही.

म्हणजे गुरुवारी मावशींना उत्तर माहीत होतं. रजिस्टर कुणी आणलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. मी स्वतःहून बोलते का, ते त्या बघत होत्या.

काल वाडीत गेले. सगळ्यांना पारावर बसवून ठराव वाचून दाखवला आणि काय केलं ते सांगितलं. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. रतनमावशी एवढंच म्हणाल्या, "सही शिकिवलीस, तवाच वाचाय बी शिकवायचं हुतं. न्हाईतर आंगठाच बरा हुता. आंगठा घ्येताना शिपाई निदान वाचून तरी दावायचा."

आज सकाळी वडगावला जाऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी जबाब दिला. सह्या सभेच्या दोन दिवस आधी, घरोघरी, कोऱ्या पानावर घेतल्या आणि ठराव नंतर लिहिला, असं त्यात आहे. तुमचं नाव आहे, भाऊसाहेबांचं आहे. पहिलं नाव माझं आहे. सोबत वाडीचा अर्ज जोडलाय, त्यावर एकोणीस सह्या आहेत. प्रत्येकीला आधी वाचून दाखवला, मुक्ताबाईंना दोनदा. चौघी कामावर होत्या, त्यांच्या सह्या नाहीत.

कोमलच्या बाळंतपणापर्यंत वाडीत इमारत उभी राहिली नसती, एवढं मलाही कळतं. पण तिच्या सासूच्या सहीनं उपकेंद्र फाट्यावर जायला नको होतं.

आवक शिक्का मारलेली प्रत या पाकिटात आहे. पंचायतीची किल्लीही आहे. फाट्यावरचा फ्लेक्स उतरवायचा असेल तर खुशाल उतरवा.

वर काय लिहिलंय ते पुन्हा एकदा वाचलं, आणि मगच खाली सही केली.

तुमची पुतणी,
प्रतीक्षा