हिचे डोळे म्हणजे मी

४ मार्च, सकाळी ७.३०
नवी वही, नवा संकल्प. आजपासून मी हिचे डोळे. गेल्या वर्षभरात हिची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, आता उजेड आणि सावली, बस. हिने बावीस वर्षं बीजगणित शिकवलं, ती शाळा सोडावी लागली. मी रिटायर्ड, वेळच वेळ. पेपर, मेसेज, औषधं सगळं मीच वाचून दाखवणार. न कंटाळता.

४ मार्च, दुपारी
पेपर वाचला. महागाईची बातमी गाळली. हिला उगाच टेन्शन. अग्रलेखही गाळला. तो मला कंटाळवाणा वाटला, म्हणजे हिलाही वाटलाच असता.

७ मार्च
मेहुणीने बहिणीसाठी बोलणारा फोन पाठवला. स्क्रीनवर बोट फिरवलं की तिथे काय लिहिलंय ते बोलतो. कॅमेरा धरला की छापील कागदही वाचतो. शिवाय शिकवायला एक मॅडम येणार. मी मेहुणीला फोन करून म्हटलं, मी घरात असताना यंत्राची काय गरज? ती म्हणाली, "भावजी, तुम्ही घरात असता म्हणूनच पाठवलाय." कौतुक समजावं की काय, कळेना. कौतुकच असावं.

९ मार्च
मॅडम आल्या. त्यांनाही अजिबात दिसत नाही. हे मेहुणीने सांगायला हवं होतं. मी धावत जाऊन त्यांचा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "काका, सोडा. तुम्ही मला धरायचं नाही, मी तुमचं कोपर धरते." पन्नाशीच्या बाईने मला काका म्हणावं! त्यांचा फोन इतका भराभर बोलत होता की मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, बिघडलाय वाटतं. त्या म्हणाल्या, "आज तर स्लो ठेवलाय, तुमच्यासाठी."
ही खूप हसली. वर्षभरात इतकी हसली नव्हती. वर्षभर विनोद तर मीच करतोय.

१२ मार्च, सकाळी ११
हिच्या जुन्या फोनवर शाळेच्या मुख्याध्यापिकांचा मेसेज. जुना फोन माझ्याच खिशात असतो. 'तब्येत कशी आहे? जूनपासून दहावीचं बीजगणित पुन्हा घ्याल का? बोलणारा कॉम्प्युटर शाळा देईल. मुलं तुमची आठवण काढतात. वीस तारखेपर्यंत कळवा.'
मी मोठ्याने वाचलं, "मुख्याध्यापिकाबाई तब्येतीची चौकशी करतायत."
खोटं नाही. पहिलं वाक्य तेच आहे. बाकीचं उद्या सांगेन, फायदे-तोटे काढून. एवढी मोठी गोष्ट एकदम अंगावर टाकू नये.

१३ मार्च
सांगितलं नाही. ही आज आनंदात होती. आनंदात खंड नको.

१४ मार्च
सांगितलं नाही. ही आज उदास होती. त्यात आणखी भर नको.

१५ मार्च, दुपारी ४
फायदे-तोटे काढले. तोटे: रस्ता, जिने, बस, मुलांचा गोंगाट, दगदग. फायदे: नंतर आठवून लिहीन. मग हिच्या नावाने उत्तर पाठवलं. 'सध्या जमणार नाही. क्षमस्व.' दोन्ही मेसेज डिलीट केले. नवऱ्याने एवढी जबाबदारी घ्यायलाच हवी.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१८ मार्च
ही दिवसभर नव्या फोनवर सराव करते. ओठ घट्ट मिटून, पेपर तपासायची तसा चेहरा करून. टेबल पुसताना चुकून माझा हात लागला आणि फोनचा आवाज बंद झाला. चुकून म्हणजे, लागला तेव्हा चुकूनच होता. नंतर मी तो तसाच राहू दिला. हिने विचारलं तर म्हटलं, "कंपनीचा फॉल्ट दिसतोय." संध्याकाळपर्यंत ही मुका फोन मांडीवर घेऊन बसली.
पित्ताची गोळी घेतली.

२० मार्च
हिने लँडलाइनवरून मॅडमना फोन लावला, आकडे बोटांनी चाचपून. अर्ध्या मिनिटात आवाज सुरू. मी म्हटलं, "अरे वा, कंपनीने दुरुस्त केलेला दिसतोय!" हिने आवाज आणखी मोठा केला.
आज वीस तारीख. आता उत्तराची मुदत संपली, म्हणजे सांगून उपयोग नाही. जरा हलकं वाटायला हवं होतं.

२२ मार्च
वाईट दिवस. सकाळी हिला गोळी दिली ती रक्तदाबाची नव्हती, झोपेची होती. पट्ट्या सारख्याच दिसतात आणि चष्मा माझ्या कपाळावर होता. ही साडेचारपर्यंत झोपली. दर दहा मिनिटांनी मी नाकापुढे बोट धरून श्वास बघत होतो. उठल्यावर सगळं सांगितलं. हे तरी सांगितलं. ती रागावली नाही. संध्याकाळी प्रत्येक पट्टी फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरून ऐकली आणि रबर बँड लावून ठेवली. सकाळच्यांना एक, रात्रीच्यांना दोन. आता गोळ्या तीच घेते.
रागावली असती तर बरं झालं असतं.

२५ मार्च, सकाळी १०
आज कबूल करायचंच. कागदावर चार मुद्दे काढले. हिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "अहो, काही बोलायचंय का? केव्हाचे उभे आहात." मी म्हटलं, "चहा घेतेस?"
चहा चांगला झाला होता.

२८ मार्च
जुना फोन मी चार्जिंगला लावला होता; त्यातलं सिमकार्ड हिने नव्या फोनमध्ये घालून घेतलं. शेजारणीकडून, मला न सांगता. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. बाहेरच्या खोलीतून त्या बाईचा सपाट आवाज आला. बाई म्हणजे फोन.
"मुख्याध्यापिका. नवीन मेसेज. तुम्ही जमणार नाही म्हणालात, वाईट वाटलं. जागा दुसऱ्या शिक्षिकेला दिली. तरी कधीतरी या."
दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभा राहिलो.
हिने फोनलाच तो मेसेज पुन्हा वाचायला लावला. पुन्हा तोच सपाट आवाज, ना राग, ना लोभ. मग मुख्याध्यापिकांना फोन लावून सांगितलं, माझं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवा. ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "बावीस वर्षांत मी कोणाला 'क्षमस्व' म्हटलंय का हो?"
मी म्हटलं, घाईत सुचलं ते लिहिलं. आणि सांडलेलं दूध पुसायला गेलो.

३० मार्च
ही बोलते, पण कामापुरतं. 'मीठ द्या.' 'दार लावा.' मी चार पानी पत्र लिहिलं. पत्रात माणूस नीट मांडणी करू शकतो. शिवाय समोर उभं राहावं लागत नाही. टेबलावर ठेवून बाल्कनीत गेलो.
हिने कॅमेरा धरला. फोन म्हणाला, "मजकूर ओळखता आला नाही. प्रकाश वाढवा." हिने दिवा लावला. फोन म्हणाला, "मजकूर ओळखता आला नाही." माझं अक्षर ऑफिसातही कोणाला लागत नसे.
"या आत," ही म्हणाली. "तुम्हीच वाचा."
वाचलं. तिसऱ्या पानावरचा एक परिच्छेद गाळला आणि पुढे गेलो. ती म्हणाली, "इथे काहीतरी राहिलं. आत्ता श्वास घेतलात तसा तुम्ही गाळताना घेता. पेपर वाचतानाही."
म्हणजे पहिल्या दिवसापासून हिला माहीत होतं!
मग वाचलं. त्यात लिहिलं होतं: 'तुला शाळेत मुलं आहेत, फळा आहे, बोलणारा कॉम्प्युटर आहे. मला रिटायर झाल्यापासून फक्त तुझं न दिसणं होतं. ते गेलं असतं तर मी काय केलं असतं?'
मोठ्याने वाचताना लाजच वाटली. लिहिताना वाक्य बरं वाटलं होतं.
तिने हात पुढे करून पानं घेतली, घडी घातली. मग म्हणाली, "जागा गेली ती गेली. पण पुन्हा माझ्या नावाने कोणाला काही लिहिलंत, तर मी घरात राहणार नाही." आणि मग, "दूध आणा. परवाचं सगळं सांडलंत."
माफ केलं की नाही ते विचारलं नाही. केलंच असावं. नक्की माहीत नाही.

११ एप्रिल
हिने स्वतः मुख्याध्यापिकांना मेसेज लिहिला, फोनला सांगून. कच्च्या मुलांसाठी दर शनिवारी एक तास मिळाला. चार मुलं. पगार नाही, फळा आहे. मॅडमनी आठवडाभर काठीने रस्ता शिकवला.

१३ एप्रिल, सकाळी ९.४०
हिचा पहिला तास. मी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पुसून तयार होतो. मुलांना चार शब्द बोलावेत म्हणून भाषणही तयार होतं. ही काठी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "तुम्ही थांबा. आज गॅस सिलिंडरवाला येणार आहे."

दुपारी १
सिलिंडरवाला आला नाही.